केळीच्या धाग्याचा पाय

माझा धागा मला सासूबाईंच्या अंबाड्यात दिसला. शुक्रवारची सकाळ होती. मी डबा भरत होते, त्या देवापुढे दिवा लावायला वाकल्या आणि अंबाड्याभोवतीचा मल्लीचा गजरा अगदी माझ्या डोळ्यांसमोर आला. कळ्या ताज्या होत्या, एकीला एक लागून घट्ट गुंफलेल्या. इथे चेन्नईत मोगऱ्याचा गजरा सुताच्या दोऱ्यात नाही, केळीच्या सोपटातून काढलेल्या धाग्यात गुंफतात, त्याला नार म्हणतात. फुलवालीकडे मिळणारा नार तपकिरी आणि चपटा असतो, हाताला गुळगुळीत लागतो. हा फिकट, बारीक होता आणि त्याला कडेने कुसं निघालेली होती. असा नार आमच्या वेस्ट मांबलममध्ये कुठल्या फुलवालीकडे मिळणं शक्य नव्हतं. तो पेरुंगुडीला आमच्या ऑफिसात, कॉस्टिक सोड्याच्या टबातून निघतो.

"अम्मा, हा नार कुठून आणलात?"

"तुझाच की गो," त्या वळल्या. चेहरा अगदी प्रसन्न. "कपाटावरल्या पिशवीत नव्हता का, तो. मागे झाडून काढताना सापडला. केवढा खरखरीत जाला होता, मुली! पाण्यात भिजवला तरी वळेना. मग हातावर खोबरेल घेतलं आणि सगळा नीट चोळून ठेवला. पंख्याखाली वाळवून पुन्हा तेथेच पिशवीत घातला. एवढासा मी घेतला हो फुलांस, रागावू नकोस."

"सगळ्याला तेल लावलंत?"

"सगळ्यास. अर्धाच कशास ठेवू?"

माझ्या हातून पोळीचा डबा ओट्यावर आपटला. त्या काय जालं गो, काय जालं, असं विचारत राहिल्या. मग एकदम आठवलं. दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

"मामंजी कुठे आहेत?"

"स्टेशनास गेले. एकटे!" हे सांगताना त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला होता. "पुलाचा जिना चढून बघतो म्हणाले आज."

मी चपला पायात सरकवल्या, ऑफिसचं अर्जंट काम आलंय असं काहीतरी बरळले आणि धावत जिना उतरले.

इथे थांबून सांगायला हवं, नाहीतर गजऱ्यातला दोरा बघून एक शिकलीसवरली बाई रस्त्यावरून धावत का सुटते ते कळायचं नाही.

मी इचलकरंजीची. मागाच्या खडखडाटात वाढले, सुताला कांजी कशी लावतात हे शाळेत जायच्या आधी बघितलेलं. पुढे मटेरियल्सचं शिक्षण घेतलं, नोकरीसाठी चेन्नईला आले आणि इथल्याच एका तंजावरी मराठी घरात पडले. त्यांचं मराठी मला पहिले काही महिने जुन्या पोथीतून कोणी बोलतंय असं वाटायचं, मध्येच तमिळ, सगळं तमिळ हेलात. माझं मराठी त्यांना भांडल्यासारखं वाटायचं. तसं ते असतंही थोडं. सासऱ्यांना मी मामंजी म्हणते, कारण त्या घरात सुना तसंच म्हणत आल्या. सासूबाईंना नवऱ्यासारखीच अम्मा म्हणते.

मामंजींचा डावा पाय गुडघ्याखाली कापला तो आमच्या लग्नाच्या थोडं आधी. साखरेचा आजार, बोटाला झालेली जखम, ती वर चढत गेली. त्यांना कृत्रिम पाय मिळाला, पण गुडघ्याखालचा उरलेला भाग ज्या पेल्यात बसतो तो प्लॅस्टिकचा पेला जड होता, आणि चेन्नईच्या घामात त्यांची कातडी सोलवटायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुन्हा जखम चिघळली तर गुडघाही जाईल. त्यानंतर मामंजींनी पाय काढून कोपऱ्यात ठेवला आणि खुर्चीत बसले ते बसलेच. रोज संध्याकाळी मांबलम स्टेशनवर जाऊन मित्रांबरोबर गाड्या बघत बसणारा माणूस. मित्र दोन-चारदा घरी आले, मग तेही यायचे थांबले.

आमची कंपनी छोटी आहे. नैसर्गिक धागे आणि राळ यांपासून आम्ही वस्तू बनवतो, म्हणजे ज्या कामाला काचेचा धागा वापरतात त्या कामाला केळीचा, घायपाताचा, काथ्याचा धागा. हलका असतो, कातडीला चावत नाही. अडचण एकच, पण मोठी. झाडाच्या धाग्यावर जन्मतःच मेण आणि डिंक असतो. त्यावर राळ ओतली तर ती वरवर बसते, आत धरत नाही. वस्तू दिसायला झकास दिसते आणि जोर पडला की धागा राळेतून अलगद निसटतो, म्यानातून सुरी निघावी तसा. म्हणून आम्ही धागा कॉस्टिकमध्ये बुडवतो. मेण जातं, डिंक जातो, धागा खरखरीत होतो. मग पाणी बदलून बदलून धुवायचा, किंचित आम्ल घालून सोड्याचा अंश मारायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा. त्यानंतर त्याला उघडा हात लावायचा नाही. बोटांना असतो तेवढा तेलकटपणासुद्धा नको म्हणून आम्ही हातमोजे घालतो. माझं अर्धं आयुष्य या एका गोष्टीत चाललंय, की धाग्याच्या अंगावर काही राहू नये.

मामंजींसाठी नवा पेला करायची कल्पना माझी. कंपनी तेव्हा असे पेले बनवून बघतच होती. आमच्याबरोबर काम करणाऱ्या पाय बसवणाऱ्या तज्ज्ञांनी माप घेतलं, प्लॅस्टरचा साचा केला. धागा तयार झाला आणि नेमकं आमच्या इमारतीत विजेचं काम निघालं. एसी बंद, हवा दमट. मी त्या पायासाठी वेगळा काढलेला धागा पिशवीत सील करून घरी आणला आणि आमच्या खोलीत एसी असतो म्हणून कपाटावर ठेवला. चाचणीसाठीचे तुकडे मात्र ऑफिसात उरलेल्या धाग्याचेच केले. ते उत्तम पास झाले.

पिशवी परत नेली तेव्हा सील उघडलेलं होतं. मला वाटलं, माझ्याच घाईने नीट लागलं नसेल. ओव्हनमध्ये पुन्हा वाळवला. पाणी उडून जातं, तेल जात नाही. खोबरेलाचा वास यायला हवा होता असं कोणी म्हणेल, पण आमच्या घरात उशांना, टॉवेलांना, माझ्या स्वतःच्या वेणीला तोच वास आहे. तो मला येणार कसा?

तर पेला झाला. सुंदर झाला. मधाच्या रंगाचा, आतले धागे दिसणारे. मामंजींनी तो हातात घेऊन उन्हात धरून बघितला आणि म्हणाले, "हा केळ आहे? याचं तर आम्ही जेवायचं पान करतो." पहिल्या दिवशी न्हाणीघरापर्यंत गेले. मग गॅलरीत. मग खालच्या वाण्यापर्यंत. अम्मा पाठोपाठ पदर खोचून निघायच्या आणि ते हात मागे करून त्यांना परतवायचे. कातडी सोलवटली नाही. अम्मांनी देवाला तुपाचा दिवा लावला आणि मला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, न मागता कॉफी करून दिली.

आणि आता मी धावत होते. तेल लावलेल्या धाग्यांचा पेला, त्यावर उभा एक अख्खा माणूस, आणि पुलाचा जिना. चढताना एक वेळ निभावेल, उतरताना सगळं वजन त्या पायावर आपटतं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त एवढंच येत होतं, की पेला उभा चिरतोय आणि त्याची धारदार कड त्या कातडीत घुसतेय, जिला ओरखडासुद्धा परवडणारा नाही. भाजीच्या गाड्यांमधून, स्कूटर चुकवत, कोणाच्या तरी रांगोळीवर पाय देऊन मी गेले. मागून शिव्या आल्या. तमिळमधल्या शिव्या मला चांगल्या समजतात.

ते जिन्यावर होते. चढून झालं होतं. वरच्या टप्प्यावर कठड्याला धरून ते खाली लोकलकडे बघत उभे होते आणि माणसांचा लोंढा दोन्ही बाजूंनी त्यांना वळसा घालून चालला होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. मला बघून हसले. इतके हसले की मला रडू यायला लागलं.

"आलीस बघायला?" म्हणाले. "बघ, पुरा चढलो."

"मामंजी, हलू नका. डावा पाय टेकू नका. खाली बसा, इथेच बसा."

हसू गेलं. पण ते घाबरले नाहीत, आणि का म्हणून विचारलंही नाही. मला तेच विचित्र वाटलं. हळूच कठड्याला धरून पायरीवर बसले, मी शेजारी बसले आणि धापा टाकत एका दमात सगळं सांगून टाकलं. नार, पिशवी, खोबरेल, राळ धरत नाही, पाय तुटेल. सांगताना माझा आवाज चढला. जाणारे-येणारे बघायला लागले.

मामंजींनी पँटवरून त्या पेल्यावर हात ठेवला. "तरीच वाजत होता," म्हणाले.

"काय वाजत होता?"

"हा. टक् टक् करतो. जिन्यावर जास्त. पहिला आवाज आला त्यास बरेच दिवस जाले."

बरेच दिवस. त्या टक्-टक् आवाजाचा अर्थ मला माहीत होता. एकेक धागा राळेतून सुटत होता. एवढे दिवस हा माणूस ते ऐकत होता, आणि ज्या घरात ते ओळखणारी सून राहते त्या घरात कोणाला बोलला नाही.

"सांगितलं का नाहीत?" मी ओरडलेच. "गुडघा गेला असता म्हणजे? डॉक्टर काय म्हणाले होते आठवतं ना?"

"सांगितलं असतं तर काढून घेतला असतास."

काढूनच घेतला असता. त्याच दिवशी, त्याच तासाला. आणि त्यांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी गुडघा पणाला लावून जिना चढून घेतला. रागाने माझे कान गरम झाले होते आणि त्याच वेळी त्यांचा हात धरून बसावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम होतं का कुणाला, मला माहीत नाही. मला झालं.

"आता काढू या," मी म्हटलं.

"येथे?"

त्यांनी घरातसुद्धा दार लावल्याशिवाय कधी पाय काढला नव्हता. माझ्यासमोर तर नाहीच. आजूबाजूला बघितलं, शाळेच्या मुली, पिशव्या घेतलेले लोक, खेळणी विकणारा एकजण. मग डोळे मिटून त्यांनी स्वतःच पँट वर ओढली आणि पट्टा सोडला. पेल्याच्या मागच्या बाजूला, आडवी, नखाने ओढावी तशी पांढरी रेघ उठली होती. मी अंगठ्याने दाबलं तर ती उघडली.

कातडी मात्र सलामत होती. मी ती सगळीकडून नीट तपासली, तिथे, पायरीवर, सगळ्यांसमोर. त्यांनी तोंड फिरवलं होतं.

मी उठून कोणाला तरी बोलवायला निघाले, तेव्हा त्यांनी माझी ओढणी धरली.

"तिला नको सांगू."

"कोणाला?"

"तुझ्या अम्माला. तेलाचं नको सांगू."

मला खरंच कळेना. मी म्हटलं, सांगायलाच हवं, नाहीतर पुन्हा करतील, आणि त्यात रागावण्यासारखं काय आहे, त्यांनी काय मुद्दाम केलं का? मग मामंजी जे बोलले ते मी त्या घरात इतकी वर्षं राहून कधी ऐकलं नव्हतं.

बोटाला जखम झाली तेव्हा मामंजी डॉक्टरकडे जायला निघाले होते. अम्मांनीच थांबवलं. त्यांच्या माहेरी असल्या जखमेवर कडुनिंब आणि हळद वाटून बांधतात, ती त्यांनी बांधली. रोज स्वतःच्या हाताने, अगदी मन लावून. आत काय चाललंय ते लेपाखाली दिसलंच नाही. दिसलं तोवर उशीर झाला होता. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर सगळ्यांसमोर विचारून गेले की आधी का नाही आणलंत. अम्मा त्या दिवसापासून त्यांच्या पायाला हात लावत नाहीत. औषध लावायचं तर मुलाला हाक मारतात.

"माझ्याशी एक शब्द बोलली नाही त्यावर," मामंजी म्हणाले, "पण मजला ठाऊक आहे, ती रोज तेच मनात घेऊन बसते. आता हे दुसरं सांगितलंस, तर ती जगायची नाही, मुली. पाय काय, तू दुसरा करशील."

मला एकदम आठवलं, की मी किती वेळा मनात म्हणाले होते, या बाई नवऱ्याच्या पायाकडे ढुंकून बघत नाहीत. मला वाटायचं, किळस येते त्यांना. जिन्यावर बसून, मांडीवर तो तडकलेला पाय घेऊन, मी नुसती मान डोलावली.

खालच्या फुलवाल्या बायकांनी त्यांचं एक प्लॅस्टिकचं स्टूल दिलं. दोन हमालांनी त्यावर बसवून मामंजींना खाली आणलं आणि मी रिक्षा थांबवली. रिक्षात ते म्हणाले, घरी मी बोलेन, तू गप्प राहा. मी गप्प राहणाऱ्यांतली नाही हे ते जाणून होते, म्हणून पुन्हा एकदा म्हणाले.

दारात अम्मा उभ्याच होत्या. रिकामी पँट बघून त्यांचा चेहरा पडला.

"काय जालं? पडलात?"

"कोठे पडलो? नको वाटतो हा पाय मला," मामंजी खुर्चीत बसत म्हणाले. "काचतो. जिना चढून दमलो. नेऊ दे तिला परत. पोदुम."

पोदुम म्हणजे पुरे. मी त्या घरात अम्मांना चढ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्या जे बोलायला लागल्या ते थांबेनात. सुनेने एवढं केलं, रात्रीचा दिवस केला, आणि तुम्हांस काचतो? सगळं आयुष्य आळस केलात. पाय नाहीत ते लोक डोंगर चढतात. मी देवास दिवे लावते, आणि तुम्हांस खुर्ची हवी. बोलता बोलता त्या रडायला लागल्या, रडता रडता पुन्हा बोलायला. मामंजी मान खाली घालून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "होय, आळशीच मी."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. दाराला धरून मी उभी होते आणि तो तडकलेला पेला ओढणीखाली झाकला होता. मामंजींनी एकदा फक्त वर बघितलं, माझ्याकडे, आणि मी आत निघून गेले.

ऑफिसात आम्ही तो पेला यंत्रात दाबून बघितला. मला आकडा बघायचा नव्हता, पण बघितला. जिना उतरताना तो टिकलाच नसता, यात कोणाला शंका राहिली नाही. तुटलेल्या कडेतून धागे अख्खेच्या अख्खे बाहेर आले होते, लांब, स्वच्छ, एकावरही राळेचा कण नाही. धागा मजबूत होता. राळही मजबूत होती. दोघांच्या मध्ये तेलाचा एक पदर होता, डोळ्यांना न दिसणारा. त्या दिवसापासून आमच्याकडे ज्या पिशवीतला धागा पायात जातो, त्याच पिशवीतल्या धाग्याची चाचणी होते, आणि एकही धागा कोणाच्या घरी जात नाही.

दुसरा पेला व्हायला वेळ लागला. तोवर अम्मा मामंजींशी बोलल्या नाहीत. ताट पुढे ठेवायच्या, औषध पुढे ठेवायच्या आणि वळून जायच्या. माझा नवरा मला विचारायचा, बाबांना समजावत का नाहीस तू, तुझं ऐकतात ते. मी त्याला सांगितलं नाही. शेजारच्या मामी येऊन मामंजींना दोन शब्द सुनावून गेल्या, तेही त्यांनी ऐकून घेतले. या माणसाच्या सहनशक्तीचा मला रोज नव्याने धक्का बसायचा. मी असते तर पहिल्याच जेवणाला सगळं बोलून मोकळी झाले असते.

नवा पेला आला. मामंजींनी तो बसवला, उभे राहिले आणि अम्मांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इतकं बोलून घेतल्यावर चालणं भागच आहे." आणि पिशवी घेऊन स्टेशनकडे गेले. तो पेला आजही त्यांच्या पायात आहे. कधी वाजला नाही. मी दर रविवारी कान लावून ऐकते.

त्या दिवशी ते दिसेनासे होईपर्यंत अम्मा गॅलरीत उभ्या होत्या. मग स्वयंपाकघरात आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहून घेवडा मोडायला लागल्या.

"फारच बोलले मी त्यांस," मग म्हणाल्या. "पण बोलले म्हणून उठले. नाही का गो?"

"हो."

"तो पाय माझ्यापायी गेला, मुली. तुला कोणी सांगितलं नसेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हातातली शेंग मोडत राहिल्या. "हा तरी माझ्यामुळे आला."

मी म्हटलं, "होय अम्मा, तुमच्यामुळेच."